बोटांवरची बनेटी

वाचकहो, वर्षभर या पानावर मी भाषेची, शुद्धलेखनाची आणि क्वचित शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढीत असतो. दिवाळी अंकात तरी दुसऱ्याचे सोडून स्वतःचे काही सांगावे, असे संपादकांचे म्हणणे पडले. तेव्हा एक कबुली देऊन टाकतो. वयाच्या ४६ व्या वर्षी, एम.ए.च्या वर्गाला भाषाविज्ञान शिकवणारा, डोक्यावरचे निम्मे केस आणि पदरचा बहुतेक सगळा संयम गमावून बसलेला मी, गेले वर्षभर बोटांवर पेन फिरवायला शिकत आहे.

दुसऱ्याच्या लेखावर लेखणी फिरवणे नव्हे. ती विद्या मला पूर्वीपासून अवगत आहे. हे निराळे. पेन अंगठा आणि शेजारची दोन बोटे यांत धरायचे, मधल्या बोटाने हलकेच ओढून सोडायचे, की ते अंगठ्याभोवती गर्रकन एक वेढा घेते आणि पुन्हा बोटांत येऊन बसते. पाहणाऱ्याला वाटते, पेनाला जीव आहे. शिकणाऱ्यालाही तसेच वाटते. फक्त त्या जिवाने आपल्यावर डूख धरला आहे, हे त्याला अधिक कळते.

या खेळाची माझी पहिली ओळख वैऱ्याची. वीस वर्षे मी वर्गावर उभा आहे. आपण जीव तोडून महानुभावांच्या गद्याबद्दल बोलत असावे आणि शेवटच्या बाकावर एखादे पेन पंख्यासारखे गरगरत असावे, यासारखा अपमान नाही. बरे, मुलगा पाहत आपल्याकडेच असतो. चेहरा गंभीर, मान डोलते आहे, आणि हात मात्र परक्या माणसाचा असावा तसा स्वतःच्या उद्योगात. मी सरळ पेन जप्त करीत असे. विभागातल्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात हा जप्तीचा माल साठत गेला. एकदा मोजला तर तेवीस पेने भरली. त्यांतले एक मी वापरायलाही काढले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि मग हा वैरी घरात शिरला.

गेल्या वर्षी आमच्या कन्येला बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हवे तेवढे गुण पडले नाहीत. ७२० पैकी किती पडले ते इथे सांगत नाही. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने तो आकडा जिन्यात अडवून विचारून घेतलेला आहे. आणखी एक वर्ष थांबून पुन्हा बसायचे, असे तिने ठरवले. याला हल्ली ‘ड्रॉप घेणे’ म्हणतात. मराठीच्या प्राध्यापकाला त्याला चांगला प्रतिशब्द सुचू नये ही शरमेची गोष्ट. पण ‘वर्ष बुडाले’ हा जो आपला जुना शब्दप्रयोग, तो घरात उच्चारण्याची सोय नव्हती. मी तो एकदा उच्चारला. पानावर बसलो असताना, आमटी वाढून घेता घेता, सहज. त्यानंतर तीन महिने आम्हां बापलेकींचे जे बोलणे झाले, ते ‘मीठ द्या’ आणि ‘दार लाव’ एवढ्यावर भागले.

तिची खोली आणि माझी लिहिण्याची जागा, म्हणजे बंद करून घेतलेली बाल्कनी, यांच्यामध्ये एक अर्ध्या विटेची भिंत आहे. रात्री अकराच्या पुढे त्या भिंतीपलीकडून आवाज येई. टक्. थोडा वेळ शांतता. पुन्हा टक्, आणि फरशीवरून काहीतरी गडगडत पलंगाखाली गेल्याचा आवाज. मग पुन्हा टक्. पाल चुकचुकावी तसे हे एक-दीड वाजेपर्यंत चाले. मी उत्तरपत्रिका तपाशीत असे, आणि प्रत्येक ‘टक्’सरशी एखाद्या निरपराध विद्यार्थ्याचा अर्धा गुण कमी होत असावा. एके रात्री मी उठलो, दार ढकलले आणि म्हणालो, “हा अभ्यास चाललाय का नंदीबैलाचा खेळ?”

तिच्या पुढ्यात पुस्तक उघडे होते. हातातले पेन तिने खाली ठेवले. “सॉरी बाबा,” म्हणाली.

दुसऱ्या रात्री आवाज आला नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. आणि मला झोप येईना. आवाज होता तोवर भिंतीपलीकडे पोर जागी आहे, हाताने काहीतरी करते आहे, पडलेले उचलते आहे, एवढे तरी समजत होते. आता दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ दिसे, बाकी काही नाही. वाचीत बसली आहे, की नुसती बसली आहे, की रडते आहे, कळायला मार्ग नव्हता. मी कुशी बदलीत होतो. सौ. अंधारातच म्हणाली, “हवी होती ना शांतता? मिळाली आता. झोपा.”

चौथ्या रात्री मी दारावर टकटक केली आणि माझे फाउंटन पेन पुढे करून म्हणालो, “हे कसं फिरवतात, दाखव जरा.”

तिने माझ्याकडे पाहिले नाही. पेनाकडे पाहिले. “ह्याने नाही,” ती म्हणाली. “शाई उडेल.”

तीन महिन्यांतले आमचे हे पहिले धड संभाषण. त्यावर शहाण्या माणसाने विश्वास ठेवला असता. मी बाल्कनीत येऊन गुपचूप त्याच पेनाने प्रयोग केला. पायजम्यावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टीच्या चौकटीवर निळे शिंतोडे उडाले. पेन फरशीवर निबेवर पडले आणि निब चोचीसारखी वाकली. ज्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर सर्वांत मोठा डाग पडला, त्याला मी नुकसानभरपाई म्हणून काही दिले की नाही, ते गोपनीय आहे.

दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचे बॉलपेन घेऊन हजर झालो. हा खेळ मुळात बॉलपेनच्या राज्यातला आहे, हे मला त्या शिंतोड्यांनी शिकवले. बोरू, टाक, निबेचे पेन, यांपैकी कोणालाही गिरकी मानवणारी नाही. लास्लो बीरो नावाचा एक हंगेरियन पत्रकार होता. वर्तमानपत्राची शाई लवकर वाळते, मग तीच पेनात का घालू नये, असे त्याच्या मनात आले. पण ती घट्ट शाई निबेतून उतरेना, म्हणून त्याने टोकाला फिरती गोळी बसवली आणि १९३८ साली पेटंटासाठी अर्ज केला. आम्हांला शाळेत बॉलपेनला बंदी होती. अक्षर बिघडते, असे गुरुजी म्हणत. अक्षराचे काय व्हायचे ते झालेच. पण वर्गावर्गांतून पेने गरगरू लागण्याची वाट या गृहस्थाने मोकळी करून ठेवली. पेन्सिल त्याच्या आधीपासून होती म्हणा. तिच्या षट्कोनी कडा मात्र नवशिक्या बोटांना खटखट लागतात.

तर शिकवणी सुरू झाली. रोज रात्री साडेदहाला, पंधरा मिनिटे, तिच्या पलंगाच्या कडेवर बसून. खाली जुनी सोलापुरी चादर अंथरायची, म्हणजे पडले तरी आवाज होत नाही आणि खालच्या मजल्यावरून निरोप येत नाही. पहिला पाठ तोलाचा. पेन तर्जनीवर आडवे ठेवून ते कुठे तराजूसारखे स्थिरावते ते पाहायचे. तो बिंदू मध्यावर असेल अशी माझी समजूत, तो नसतो. टोपण मागे खोचले की तो मागे सरकतो. धरायचे ते त्या बिंदूच्या जवळ.

दुसरा पाठ बोटांच्या नावांचा. आपल्याकडे अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी अशी घरंदाज नावे आहेत. पेन फिरवणाऱ्यांच्या मुलखात तर्जनी म्हणजे एक, मध्यमा दोन, अनामिका तीन आणि करंगळी चार. अंगठ्याला आकडा नाही. त्याला इंग्रजीतले ‘टी’ हे अक्षर. पेन ज्या दोन बोटांच्या फटीत असेल त्या बोटांचे आकडे जोडून त्या फटीचे नाव: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार. अशा आकड्यांनी अख्खा खेळ कागदावर लिहून काढता येतो. खेळाला स्वतःची लिपी आहे म्हटल्यावर मला एकदम त्याच्याबद्दल आदर वाटू लागला.

मुळाक्षरे चार. अंगठ्याभोवती वेढा घेते ते थंबअराउंड. फिंगरपासमध्ये पेन एकेका बोटावरून गिरक्या घेत, जिना उतरल्यासारखे करंगळीकडे जाते आणि पुन्हा वर येते. चार्जमध्ये ते दोन बोटांच्या फटीतच राहते, पण त्याची टोके हवेत शंकू काढीत फिरतात. आणि सॉनिकमध्ये बोटांच्या आडून एका फटीतले पेन दुसऱ्या फटीत इतक्या झटक्यात येते की मधला प्रवास दिसतच नाही. मी तत्काळ परिभाषा घडवायला बसलो. थंबअराउंडला ‘अंगुष्ठप्रदक्षिणा’ हा शब्द सुचवला.

“बाबा,” कन्या म्हणाली, “हे म्हणून होईपर्यंत पेन पडेल.”

पेन तसेही पडतच होते. पहिल्या रात्री पंधरा मिनिटांत मी ते किती वेळा पाडले याची तिने वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघांनी नोंद ठेवली. पाच-पाच रेघांचे अकरा गठ्ठे भरले. रेट्यावर माझा विश्वास फार. वर्गात आवाज चढवला की विषय मुलांच्या डोक्यात शिरतो अशी माझी जी समजूत होती, तीच बोटांतही उतरलेली. पेन अंगठ्याभोवती जायचे सोडून समोरच्या कपाटावर जाई. “जोर कमी,” ती म्हणे. “ढकलू नका, सोडा.” जोर कमी केला तर पेन अर्ध्या वाटेवर अंगठ्यावर आडवे पडून राही. तेही जमले तर तर्जनी आड येई. पेन फिरून यायचे त्याच वाटेत ती हट्टाने उभी. वीस वर्षे विद्यार्थ्यांवर रोखून तिला जी सवय लागली होती, ती एका रात्रीत कशी सुटणार?

एकदा मी वैतागून म्हणालो, “बोटं ऐकतच नाहीत माझी.”

“बोटांना ऐकायला काही नाहीच आहे तिथे,” ती म्हणाली, आणि तिने पुस्तकातले चित्र पुढे केले. बोट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू बोटात नसतातच. काही तळव्यात असतात आणि बरेचसे मनगटाच्या वर, कोपरापर्यंत. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत गेलेल्या असतात. म्हणजे ही कळसूत्री बाहुल्यांची गोष्ट. तिने माझा पंजा टेबलावर टेकवला, मधले बोट मुडपून तळव्याखाली घातले आणि बाकीची सरळ ठेवली. अंगठा उचला म्हणाली, उचलला. तर्जनी उचलली. करंगळीही उठली. “आता अनामिका.” वाचकहो, अंक खाली ठेवून आपणही करून पाहा. माझी अनामिका खिळा मारल्यासारखी जागच्या जागी राहिली. तिची कंडरा शेजारणींच्या कंडरांशी बांधलेली असते. शेजारीण खाली अडकली की हिला एकटीला उठता येत नाही. ज्या बोटाला आपल्या पूर्वजांनी नावसुद्धा ठेवले नाही, त्याच्याकडून मी इतके दिवस स्वतंत्र बाण्याची अपेक्षा करीत होतो.

हे सांगताना ती भराभर बोलत होती. टेंडन, फ्लेक्सर, एक्स्टेन्सर, हाताने हवेत रेघा मारीत. मी ‘कंडरा’ म्हटले की मान हलवी आणि पुढे जाई. तीन महिन्यांत मी तिला इतके बोलताना ऐकले नव्हते. मला अर्धेच समजत होते, पण मी अडवले नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती शिकवताना एकदाही ‘सोपं आहे’ म्हणाली नाही. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला लघु-गुरू ओळखता येत नसत. मंदाक्रान्तेच्या ओळीत सतरा अक्षरे. त्याला कधी पंधरा भरत, कधी एकोणीस. “अरे, इतकं सोपं आहे!” असे मी त्याला वर्गादेखत दोनदा ऐकवले होते. पुढच्या तासाला मी त्याच्या बाकावर जाऊन बसलो आणि आम्ही दोघांनी एकेक अक्षर बोटांवर मोजले. त्याला त्या दिवशीही जमले नाही. पण त्याने दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा विचारले. याआधी तो मला कॉरिडॉरमध्ये पाहून जिना बदलीत असे. त्याच आठवड्यात मी खालचा खण उघडून तेवीसच्या तेवीस पेने टेबलावर मांडली आणि ज्याचे त्याने न्यावे म्हणून सांगितले. एकवीस गेली. उरलेल्या दोघांचे मालक पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते.

सतराव्या रात्री पहिले थंबअराउंड झाले. कसे झाले ते मला सांगता येणार नाही. बोटे काहीतरी करून मोकळी झाली आणि पेन परत हातात होते. मी इतक्या जोराने “ए!” म्हणून ओरडलो की सौ. दुधाचे पातेले हातात घेऊनच आत आली. “काय झालं?” तिने विचारले. “झालं!” मी म्हणालो. ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि मग, “दूध उतू गेलं,” एवढे बोलून परत गेली. पण जाताना तिने दार लावून घेतले नाही, आणि पुढेही ते रात्री उघडे राहू लागले.

यानंतर सरावासाठी मला शिकवणीची गरज उरली नाही. मी माझ्या बाल्कनीत, ती तिच्या खोलीत. टक् पुन्हा सुरू झाले; आता भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. तिच्या बाजूने क्वचित, माझ्या बाजूने सारखे. नुसत्या आवाजावरून तिला माझी चूक कळू लागली. पेन पडून समोर गडगडले तर भिंतीपलीकडून “जोर!” अशी हाक येई, आणि जागच्या जागी पडले तर “तर्जनी!”

तिचे स्वतःचे पेन पाहून मात्र माझ्यातला भाषेचा मास्तर चवताळून उठला. दोन पेनांचे भाग जोडून तिने ते घरीच बनवले होते. लांबी वीत-सव्वा वीत, दोन्ही टोकांना टोपणे, टोपणांवर रबराच्या चकत्या. “यानं लिहायचं कुठून?” मी विचारले. “लिहायचं नाही. हे फक्त फिरवायला.” लिहिता न येणारे पेन! पण तिने कागदावर गणित मांडून दाखवले. पेनाचे वजन लांबीभर सारखे पसरलेले असेल, तर ते फिरायला जेवढा विरोध करते त्याच्या तिप्पट विरोध तेवढेच वजन दोन टोकांना नेऊन ठेवले की होतो. म्हणजे सुरू करायला जड. पण एकदा फिरू लागले की डगमगत नाही, आणि सावकाश, डोळ्यांना दिसेल असे फिरते. ते तिच्या बोटांवर फिरताना हे आपण पूर्वी कुठेतरी पाहिले आहे, असे मला सारखे वाटत राहिले. कुठे, ते आठवेना.

मधल्या काळातल्या इतर पराक्रमांबद्दल फार लिहीत नाही. विभागाच्या बैठकीत, अभ्यासक्रमावर तावातावाने चर्चा चालू असताना, टेबलाखाली चालवलेला माझा सराव एकदा टेबलावर आला आणि पेन थेट प्राचार्यांच्या बशीत जाऊन पडले. त्यांनी ते उचलले, पुसले, स्वतःच्या खिशाला लावले आणि चर्चा पुढे चालू ठेवली. बैठकीनंतर ते परत मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

फेब्रुवारीत तिने मला जपानची गोष्ट सांगितली. तिकडे हा खेळ शाळा-कॉलेजांतून फार. कोरियात आणि तैवानातही. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अपयश येऊन जो पुन्हा वर्षभर तयारी करतो, त्याला जपानीत ‘रोनिन’ म्हणतात. मूळ अर्थ, धनी नसलेला सामुराई. सरदार गेला, चाकरी गेली, तलवार मात्र कमरेला आहे, असा भटका शिपाई. या मुलांच्या हाती तलवारीऐवजी पेन. म्हणून पेन फिरवण्याला तिकडे ‘रोनिन-मावाशी’ असेही एक नाव आहे; मावाशी म्हणजे फिरवणे. मला तो शब्द फार आवडला. ज्या भाषेने परीक्षेत राहिलेल्या पोराला निदान सामुराई तरी म्हटले, ती भाषा मला एकदम आपली वाटली.

“आपल्याकडे काय म्हणतात?” तिने विचारले. ती खाली मान घालून टोपणावरची रबराची चकती सरकवीत होती. “वर्ष बुडालं, ना?”

माझ्या हातातले पेन थांबले. इतक्या महिन्यांनी तो शब्द माझ्यासमोर आला होता, जसाच्या तसा, आमटीच्या वासासकट.

“तो शब्द मला परत घ्यायचा आहे,” मी म्हणालो.

ती काही वेळ चकतीशी खेळत राहिली. मग म्हणाली, “घ्या. पण अंगठा सरळ ठेवून.”

परीक्षा मे महिन्यात, रविवारी, ऐन दुपारची. केंद्र शहराबाहेर. आत काही नेऊ देत नाहीत. काळ्या शाईचे बॉलपेनसुद्धा केंद्रावरच देतात. फाटकापाशी तिने खिशातून ते दुटोपणी पेन काढले आणि माझ्या हातात ठेवले. काही बोलली नाही. मीही ‘नीट लिही’ वगैरे म्हणालो नाही, आणि यासाठी मला काय कष्ट पडले ते आईबापच जाणोत.

मग तीन तास. रस्त्यापलीकडे एका कडुनिंबाखाली आम्ही पाच-पन्नास पालक दाटीवाटीने बसलो होतो. कुणी पोथी काढली होती, कुणी ओला पंचा डोक्यावर घेतला होता. कोणी कोणाशी बोलत नव्हते. मी ते पेन काढले. एवढ्या लांब पेनाची मला सवय नव्हती. पहिल्याच वेढ्याला ते निसटले आणि शेजारच्या गृहस्थांच्या पायाशी जाऊन पडले. पांढरी टोपी, धोतर, पायांत करकरीत वहाणा. मुलाला घेऊन पहाटेच्या एसटीने आले होते. त्यांच्याही मुलाची ही दुसरी खेप. त्यांनी पेन उचलले, उलटेसुलटे करून पाहिले, दोन्ही टोकांचे वजन हातावर तोलले.

“मास्तर,” ते म्हणाले, “ही तर बनेटी हाय की!”

मी कपाळावर हात मारला. ज्याला शब्द शोधायचा पगार मिळतो, त्याला आठ महिने जो शब्द आठवला नाही, तो या माणसाने पेन हातात येताच सांगितला. लहानपणी कोल्हापूरला आजोळी असताना गणपतीच्या मिरवणुकीत तालमीची पोरे मर्दानी खेळ करीत. लाठी, पट्टा, आणि शेवटी बनेटी. हातभरापेक्षा लांब काठी, तिच्या दोन्ही टोकांना गोळे. रात्र झाली की गोळ्यांना तेलाची चिंधी गुंडाळून ते पेटवायचे. काठी दिसेनाशी होई आणि अंधारात नुसती विस्तवाची चक्रे फिरत. मी आजोबांच्या खांद्यावरून पाहत असे. तेच होते ते.

“आमच्या तालमीत होती,” ते गृहस्थ सांगत होते. “मी फिरवायचो. जोर लावला का मानेवर बसती. सोडून द्यायची असती ती.” त्यांनी आपल्या जाड, भेगाळलेल्या बोटांत पेन धरून एक प्रयत्न केला. पडले. मी उचलून दिले. पुन्हा पडले. त्यांनी उचलून मला दिले. पाच वाजेपर्यंत आमचे हेच चालले होते. मधे एकदा त्यांनी विचारले, “आत पोरं काय करत असतील वो?” मला उत्तर माहीत नव्हते. मी तर्जनी कशी काढून घ्यायची ते त्यांना दाखवले.

निकालाचे थोडक्यात सांगतो, कारण वाचक विचारतीलच. गुण वाढले, डॉक्टरकीच्या सरकारी जागेला पुरतील इतके नाही वाढले. जिन्यात पुन्हा हळहळ झाली. तिने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. आणखी एक वर्ष थांबायचे असेल तर थांब, मी म्हणालो, आणि खरोखर मनापासून म्हणालो. ती म्हणाली, तिला हाताचे काम शिकायचे आहे. हे तिचे खरेच ठरलेले होते, की आमची समजूत काढण्यासाठी ती म्हणाली, हे मला अजून कळलेले नाही. विचारण्याइतकी मैत्री आता आहे; विचारीन कधीतरी.

तिचे कॉलेज दुसऱ्या गावी आहे आणि ती वसतिगृहात राहते. दुटोपणी पेन तिने माझ्याकडेच ठेवले. तिकडे तिने नवे बनवले म्हणे. भिंतीपलीकडची खोली रात्री अंधारात असते. सौ. झोपण्याआधी तिथे जाऊन पडदा सारखा करून येते, जो कोणी हलवलेला नसतो. थंबअराउंड मला आता दहात आठ वेळा जमते. चार्ज बरा जमतो. सॉनिकला माझी अनामिका अजून तयार नाही, आणि फिंगरपास या जन्मी होईल असे दिसत नाही.

रात्री अकराच्या सुमारास तिचा फोन येतो. मी फोन डाव्या हाताने कानाशी धरतो. परवा ती सांगत होती की त्यांना आता हाताचे स्नायू शिकवायला घेतले आहेत आणि एका मोडलेल्या मनगटाच्या आजीबाईंना पुन्हा पोळी लाटता यावी म्हणून तिथले डॉक्टर काय काय करून घेतात. मी “हं, हं” म्हणत ऐकत होतो आणि उजवा हात आपल्या उद्योगात होता. ऐकता ऐकता पेन सुटले. टक्.

बोलणे मध्येच थांबले.

“तर्जनी,” ती तिकडून म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.